विशेष काही आढळलं नाही

मैत्रिणीला एक फोटो पाठवला होता. अटलांटिकच्या तळावरचा. चहूकडे मिट्ट काळोख, यंत्राच्या दिव्याने उजळलेला तेवढाच करडा गाळ, त्यात आडवं पडलेलं लोखंडी पिंप, अंगावर गंजाचे पापुद्रे सुटलेले, आणि त्याच्या पाठीवर ऐसपैस बसलेलं एक समुद्रफूल. खाली मी लिहिलं होतं की या पिंपात अणुप्रकल्पांचा आणि प्रयोगशाळांचा किरणोत्सारी कचरा भरलेला आहे. तिने विचारलं, "मग, गळतंय का?" मी कळवलं की आजूबाजूला मोजलं त्यात नेहमीच्या पातळीपेक्षा विशेष काही आढळलं नाही असं म्हणतात. "मग झालं तर!" एवढं लिहून ती तिच्या कामाला लागली. तिचं काही चुकलं नव्हतं. मी सांगितलेल्या वाक्यातून सरळ अर्थ तोच निघतो. पण माझ्या डोक्यातून ते ‘मग झालं तर’ काही जाईना. फोटो पुन्हा पुन्हा उघडून बघत बसले. समुद्रफुलाला पिंपात काय आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं. सगळीकडे मऊ गाळ असताना बसायला एक टणक जागा मिळाली, त्याचं भागलं.

हा फोटो २०२५ च्या उन्हाळ्यातला. फ्रान्सचं ‘लातालांत’ हे संशोधनजहाज जूनमध्ये ब्रेस्ट बंदरातून निघालं, सोबत ‘युलिक्स’ नावाचं, माणसाशिवाय सहा हजार मीटर खोलवर जाणारं स्वयंचलित यंत्र. यंत्राने आधी वरून सोनारने तळ चाळला, मग खाली उतरून फोटो काढले. १६३ चौरस किलोमीटर तळाचा नकाशा झाला, ३,३५५ पिंपं जागेवर सापडली, आणि अगदी जवळून फोटो निघाले ते पन्नासेक पिंपांचे. आता हे आकडे दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवून बघा. १९४९ ते १९८२ या काळात ईशान्य अटलांटिकमध्ये ब्रिटन, बेल्जियम, फ्रान्स, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड आणि आणखी काही युरोपीय देशांनी मिळून दोन लाखांहून जास्त पिंपं टाकली. त्यातली बहुतेक तीन ते पाच हजार मीटर खोलीवर आहेत. दोन लाखांतली पन्नास जवळून पाहिली, आणि तीही त्यांना टाकून चाळीस-पन्नास-साठ वर्षं झाल्यावर. म्हणजे ‘विशेष काही आढळलं नाही’ हे वाक्य खरं आहे, पण ते किती लहानशा खिडकीतून पाहून केलेलं आहे, ते वाक्यात दिसत नाही.

पिंपं बनवणाऱ्यांचीही त्यांच्याकडून फार अपेक्षा नव्हती. कचरा काँक्रीटमध्ये नाहीतर डांबरात कालवायचा, लोखंडी पिंपात भरायचा, आणि पिंप तळापर्यंत न फुटता पोचावं एवढं बघायचं. साडेचार हजार मीटरवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ अर्ध्या टनाचा दाब असतो, तेव्हा हेही काही सोपं काम नाही. पण त्यापुढे पिंपाने शतकानुशतकं कचरा धरून ठेवावा अशी कोणाचीच कल्पना नव्हती. ते कधीतरी गंजणार, आतलं हळूहळू बाहेर येणार, आणि एवढ्या अफाट पाण्यात विरून जाणार. योजना हीच होती. ‘गळती’ म्हटलं की काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं, पण इथे गळणं हे आराखड्यातच होतं. मला सगळ्यात अस्वस्थ करते ती ही गोष्ट. बेजबाबदार माणसांनी चोरून टाकलेला माल असता तर राग काढायला सोपं गेलं असतं. हे शिकलेल्या, हिशेबी, कागदपत्रं ठेवणाऱ्या माणसांनी, १९६७ नंतर तर आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली, गणित मांडून केलेलं काम आहे. आणि गणित फारसं चुकलेलंही दिसत नाही.

हिशेबीपणाला अपवादही होतेच. अमेरिकेने १९४६ पासून प्रशांत महासागरात टाकायला सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोसमोरच्या फॅरलॉन बेटांजवळ १९७० पर्यंत सुमारे ४७,८०० पिंपं गेली. काही पिंपं बुडेनात, तेव्हा त्यांच्यावर बंदुकीने गोळ्या झाडून भोकं पाडली. तिकडे आर्क्टिकमध्ये सोव्हिएत खलाशीही तरंगणाऱ्या डब्यांना भोकं पाडत होते. शीतयुद्धातल्या दोन्ही महासत्तांचं इतक्या मनापासून एकमत झालेलं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक जी. एम. काउंटर, म्हणजे किरणोत्सार टिपून टक् असा आवाज करणारं यंत्र, होता. किरणोत्सारी पदार्थाची बटणाएवढी चकती शिशाच्या डबीतून निघायची, आणि ती कधी निघते याकडेच आम्हां सगळ्यांचं लक्ष. पण सर ती काढू देत नसत. "आधी रिकामं मोजा," ते म्हणत. समोर काहीही न ठेवता काउंटर चालू करायचा आणि बसायचं. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्, टक्. मग पुन्हा शांतता. त्या आवाजाला ताल नसतो, म्हणून तो ऐकताना मन एका जागी बसत नाही. पुढचा टक् कधी येईल हे सांगता येत नाही, आणि येणार हे नक्की असतं. एकाने वैतागून विचारलं, "सर, समोर काहीच नाही, तर मग हे वाजतंय काय?" सर म्हणाले, "भिंत, जमीन, आभाळ. आणि थोडासा तू." तेव्हा वर्ग हसला. पण ते अक्षरशः खरं आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात नुसत्या पोटॅशियम-४० मुळे दर सेकंदाला चार-पाच हजार अणू फुटत असतात. सेकंदाला एक अणू फुटला की एक बेकेरेल. म्हणजे आपण सगळे चार-पाच हजार बेकेरेलचे चालतेबोलते स्रोत आहोत.

समुद्राचंही तेच. एक लिटर समुद्राच्या पाण्यात पोटॅशियम-४० चे साधारण १२ बेकेरेल निसर्गतःच असतात. घनमीटरला बारा हजार. त्याच घनमीटरभर पाण्यात सिझियम-१३७, जे निसर्गात जवळजवळ नसतंच आणि अणूच्या विखंडनातूनच येतं, ते उत्तर अटलांटिकमध्ये आज एक-दोन बेकेरेलच्या आसपास आहे. तेही बहुतेक पिंपांमधलं नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत हवेत फोडलेल्या अणुबाँबची धूळ जगभर पडली, तिचं ते उरलंसुरलं. एखादं पिंप गळत असेल तर त्याचं सिझियम या जुन्या सिझियममध्ये मिसळणार, आणि ही सगळी कुजबूज पोटॅशियमच्या गोंगाटात ऐकायची. सर आधी रिकामं का मोजायला लावत, ते इथे कळतं. फक्त समुद्रात ‘रिकामं’ मोजायला आता जागाच उरलेली नाही. बाँबच्या आधीचं पाणी कोणी बाटलीत भरून ठेवलेलं नाही.

मग मोजतात कसं? हा भाग मला फार आवडतो, कारण यात घाई अजिबात चालत नाही. बाटल्यांचं एक मोठं कडं पोलादी दोरावरून खाली सोडतात. दोन्ही तोंडं उघडी असलेल्या या बाटल्या ठरलेल्या खोलीवर वरून इशारा मिळाला की मिटतात. साडेचार किलोमीटर दोर उलगडायचा आणि पुन्हा गुंडाळायचा म्हणजे तासन्‌तास जातात, आणि वर येतं ते हाताला बोचणारं, दोन-तीन अंश तापमानाचं पाणी. एका मोजणीला बादलीभर पाणी पुरत नाही, पन्नास-शंभर लिटर लागतं. त्यात आम्ल घालायचं, नाहीतर जे शोधतोय तेच डब्याच्या भिंतींना चिकटून बसतं. सिझियम रसायनाने खाली बसवायचं, तो साका वाळवायचा, आणि जर्मेनियमच्या शोधकासमोर ठेवायचा. हा शोधक थंडगार ठेवावा लागतो, बहुधा द्रवरूप नायट्रोजनने. पडद्यावर ६६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या, म्हणजे सिझियमच्या किरणांच्या ऊर्जेच्या, जागी एक बारीक टेकडी उगवते का, याची एक-दोन दिवस, कधी त्याहून जास्त वाट बघायची. स्ट्रॉन्शियम-९० ला तर आणखी धीर लागतो. ते वेगळं काढून दोनेक आठवडे नुसतं ठेवून द्यावं लागतं, त्यातून इट्रियम तयार होतं, आणि मोजतात ते इट्रियम. प्लुटोनियमचं काम सगळ्यात किचकट, पण तेच सगळ्यात बोलकं. त्याच्या २४० आणि २३९ या दोन समस्थानिकांचं, म्हणजे वेगळ्या वजनाच्या अणूंचं, प्रमाण ०.१८ च्या आसपास आलं तर ती जगभर पडलेली बाँबची धूळ. प्रमाण वेगळं निघालं की समजायचं, पाणी कुठेतरी दुसरीकडे मुरतंय.

या शोधकांना बाहेरच्या किरणोत्सारापासून झाकायला शिशाच्या विटा लागतात, आणि ताज्या शिशात स्वतःचाच थोडा किरणोत्सार असतो. जुनं शिसं उत्तम. अतिसूक्ष्म मोजमापं करणाऱ्या इटलीतल्या भौतिकशास्त्रज्ञांनी त्यासाठी सार्डिनियाजवळ बुडालेल्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन जहाजातल्या शिशाच्या लगडी मिळवल्या. स्कॉटलंडच्या स्कापा फ्लोमध्ये १९१९ साली बुडवलेल्या जर्मन युद्धनौकांचं पोलादही असंच वापरलं गेलं, कारण ते पहिला अणुबाँब फुटण्याच्या आधी ओतलेलं होतं. किरणोत्सार नसलेला धातू शोधायला माणसाला समुद्राच्या तळाशी जावं लागलं, त्याच सुमारास माणूस किरणोत्सारी लोखंड समुद्राच्या तळाशी पाठवत होता.

गाळाचीही एक गंमत आहे. खोल समुद्रात गाळ साचतो तो हजार वर्षांत काही सेंटिमीटर. म्हणजे पहिल्या पिंपापासून आजवर जेमतेम काही मिलिमीटर. मला वाटायचं की एव्हाना पिंपं गाडली गेली असतील, निसर्गाने पांघरूण घातलं असेल. काही पिंपं पडतानाच गाळात रुतली, ती तेवढी अर्धवट बुडालेली. बाकीची उघडीच. आपल्याला सत्तर वर्षं म्हणजे एक अख्खं आयुष्य. तिथल्या गाळाच्या हिशेबात ते काहीच नाही. पिंपातल्या मालाचा हिशेब आणखी तिसराच. सिझियम आणि स्ट्रॉन्शियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं संपायला लागणारा काळ, तीसेक वर्षं, तेव्हा साठच्या दशकात टाकलेलं आज सुमारे चतुर्थांश उरलंय. ट्रिशियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, तर बहुतेक संपलंच. प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य २४,११० वर्षं. ते पहिल्या दिवशी होतं तेवढंच आहे म्हटलं तरी चालेल.

बरं, यापूर्वी कोणी बघितलंच नाही असंही नाही. १९८१ ते १९९५ असा एक आंतरराष्ट्रीय निगराणीचा कार्यक्रम चालला. जर्मन मत्स्यसंशोधकांनी तिथले मासे, पाणी, गाळ वर्षानुवर्षं तपासले. ईशान्य अटलांटिकचं पर्यावरण सांभाळणाऱ्या ऑस्पार आयोगाने पुढे त्या सगळ्याचा आढावा घेतला, त्यात टाकण्याच्या जागांवरच्या पाण्यात प्लुटोनियम-२३८ वाढलेलं दिसलं अशी नोंद आहे. म्हणजे काही पिंपांतून झिरपतंय. माणसाला धोका होईल इतकं नाही, त्याच्या जवळपासही नाही, हेही त्यात आहे, आणि मला ते पटतं. पण १९९५ नंतर तिथे मुद्दाम जाऊन, पिंपं शोधून, त्यांच्याजवळ उभं राहून मोजायला २०२५ उजाडलं.

मधली तीस वर्षं कुठे गेली?

याचं उत्तर मला जपानमधल्या फुकुशिमाच्या अपघातग्रस्त अणुप्रकल्पाकडे बघताना मिळालं. २४ ऑगस्ट २०२३ ला जपानने प्रक्रिया केलेलं पाणी समुद्रात सोडायला सुरुवात केली. त्यातल्या ट्रिशियमची वार्षिक मर्यादा २२ टेराबेकेरेल (एक टेराबेकेरेल म्हणजे लाख कोटी बेकेरेल). त्या दिवसापासून तिथल्या समुद्राचं जेवढं पाणी बाटल्यांत भरलं गेलं, तेवढं क्वचितच कुठल्या समुद्राच्या वाट्याला आलं असेल. वीजकंपनी मोजते, जपान सरकार मोजतं, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था तिथेच कार्यालय थाटून मोजते, नमुने परदेशी प्रयोगशाळांनाही जातात. चीनने जपानी मासळीच बंद केली. आणि दुसरीकडे ब्रिटनमधल्या सेलाफील्ड अणुप्रकल्पाच्या नळातून एकट्या १९७५ साली सुमारे ५,२०० टेराबेकेरेल सिझियम-१३७ आयरिश समुद्रात गेलं. हे सगळं परवान्यानिशी. जहाजातून टाकलं तर ते ‘समुद्रात टाकणं’, किनाऱ्यावरच्या नळातून सोडलं तर नाही. समुद्रात कचरा टाकण्यावरच्या १९७२ च्या लंडन कराराला आणि त्याखाली १९९३ मध्ये आलेल्या संपूर्ण बंदीलाही नळ दिसत नाही. ट्रिशियम आणि सिझियम यांची सरळ तुलना करू नये, मान्य. दोघांचं शरीरातलं वागणं वेगळं. पण मोजणी कुठे होते आणि कुठे होत नाही हे बेकेरेल ठरवत नाहीत, एवढं माझ्या लक्षात आलं. जिथे कोळी असतात, गिऱ्हाईक असतं, शेजारी देश असतो, रागावणारं कोणीतरी असतं, तिथे बाटल्या उतरतात. बिस्केच्या उपसागरापलीकडे, पिंपं पडली आहेत त्या खोल तळावर कोणाचं जाळं पोचत नाही.

रागावणारी माणसं तिथेही एकदा पोचली होती. १९८२ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेचे लोक रबरी होड्या घेऊन पिंपं टाकणाऱ्या जहाजांच्या कुशीत शिरले, वरून पिंपं सुटत असताना. एक पिंप थेट होडीवर पडलं. ती चित्रफीत बघताना आजही मान आपोआप खाली जाते. पुढच्या वर्षी टाकणं तात्पुरतं थांबवावं असा ठराव झाला, ब्रिटन सरकारला तो मानायचा नव्हता, आणि मग ब्रिटिश खलाशांच्या संघटनेने आपली माणसं त्या जहाजावर जाणार नाहीत असं सांगून टाकलं. खलाशी नाहीत, तर जहाज निघणार कसं? परिषदा, शास्त्रीय समित्या, ठराव या सगळ्यांच्या शेवटी ते काम अडलं ते पिंप ढकलणाऱ्या हातांपाशी. गंमत अशी की टाकणं थांबलं, तशी बातमीही थांबली, आणि बातमी थांबल्यावर तिथे जाऊन बघण्याची निकडही हळूहळू ओसरली. विजयाचा हा असाही परिणाम असतो.

आर्क्टिकमधला मामला याच्या अगदी उलट. तिथे पत्ता माहीत आहे, खोली कमी आहे, आणि माल थोड्या जागेत एकवटलेला आहे. १९९३ मध्ये रशियाने स्वतःच अहवाल काढून कबूल केलं की सोव्हिएत काळात कारा समुद्रात हजारो डबे, १६ अणुभट्ट्या आणि एक अख्खी पाणबुडी बुडवली. त्या भट्ट्यांपैकी काहींमध्ये इंधन तसंच. जगभरात १९४६ ते १९९३ मध्ये समुद्रात टाकलेल्या किरणोत्साराचा एकूण आकडा ८५ पेटाबेकेरेल, म्हणजे ८५ हजार टेराबेकेरेल, धरतात, त्यातला चाळीसेक टक्के एवढ्याशा भागात आहे. ती पाणबुडी म्हणजे के-२७. १९६८ मध्ये तिच्या भट्टीत अपघात झाला, नऊ खलाशी गेले. १९८२ मध्ये तिला नोवाया झेमल्याच्या एका खाडीत, जेमतेम तीस मीटर पाण्यात बुडवलं. त्या वेळी आंतरराष्ट्रीय नियम हजारो मीटर खोलीचा होता, आणि सोव्हिएत संघ त्या करारात सामील होता.

नॉर्वे तिथे १९९२ पासून रशियनांबरोबर जात होता, कारण त्याची मासेमारी शेजारच्याच बॅरेंट्स समुद्रात. २०१२ मध्ये दोघांनी मिळून के-२७ च्या आजूबाजूला मोजलं, चिंता करावी असं काही निघालं नाही. पण हीच नॉर्वेची मंडळी २०१९ मध्ये कोम्सोमोलेत्स या सोव्हिएत अणुपाणबुडीपाशी उतरली होती. ती १९८९ मध्ये आग लागून बुडाली, १,६८० मीटर खोल, आणि त्या अपघातात ४२ माणसं गेली. तिच्या एका वायुनळीच्या तोंडाशी त्यांच्या यंत्राने पाणी घेतलं आणि लिटरला ८०० बेकेरेल सिझियम भरलं. आसपासच्या समुद्रात ०.००१. आठ लाख पट. मजा म्हणजे त्याच नळीच्या तोंडाशी घेतलेल्या काही बाटल्यांत काहीच सापडलं नाही. नळी सतत गळत नाही, मधूनमधून उसासा टाकते. एकाच फेरीत, एकच बाटली भरून परत आले असते, तर अहवालात काय लिहिलं गेलं असतं हे नशिबावर होतं.

फ्रान्सच्या संशोधकांना आता पुढच्या टप्प्यात पिंपांना अगदी खेटून गाळ, पाणी आणि तिथले जीव घ्यायचे आहेत. ते झालंच पाहिजे, पैसा कितीही लागो, आणि एकदाच नाही. पण अटलांटिकची दोन लाख पिंपं आता कोणी वर काढणार नाही, आणि काढूही नयेत. गंजलेलं पिंप साडेचार किलोमीटर वर ओढताना फुटण्यापेक्षा जिथे आहे तिथे बरं. के-२७ चं तसं नाही. २०२० मध्ये रशियाच्या अणुऊर्जा महामंडळानेच सांगितलं होतं की आर्क्टिकच्या तळावरच्या सहा वस्तू उचलल्या तर तिथला नव्वद टक्क्यांहून जास्त किरणोत्सार निघून जाईल, आणि २०३० पर्यंत त्या उचलू. मग युक्रेनवर हल्ला झाला, नॉर्वेने रशियाबरोबरचं अणुसुरक्षेचं बरंचसं सहकार्य थांबवलं, आणि पैसे कोण देणार हा प्रश्न तिथेच लटकला. पाणी तीस मीटर आहे. एवढ्या खोलीवर पाणबुडे रोज काम करतात.